गाडीच्या एसीला वठणीवर आणताना

३ मे, सोमवार, सकाळी ९
गाडीचा एसी बंद पडला. नुसती गरम हवा. डॅशबोर्डवर एक चापट ठेवून दिली, लगेच गार वारा सुरू. लाडाने बिघडतं सगळं. आमची मुलगीही लहानपणी एका चापटीत सरळ व्हायची. परवा तिला मुलगा झाला. रविवारी हॉस्पिटलमधून दोघांना मीच घरी आणणार. जावई म्हणत होते, मी आणतो. त्यांची गाडी म्हणजे डबडं. साफ नको म्हटलं.

४ मे
पुन्हा बंद. चापटीला दाद देईना. निर्ढावलाय. बुक्की घातली. दोन मिनिटं गार वारा आला. डॅशबोर्डला तडा गेला, पण शिस्त लावायची म्हणजे एवढं चालायचंच. बायको म्हणाली, अहो, मेकॅनिकला दाखवा. मेकॅनिक काय वेगळं करणार?

५ मे, दुपारी
संकल्प : आजपासून रागवायचं नाही. एसी यात धरलेला नाही.
बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरला पान्याचे चार ठोके दिले. ढिम्म. मग पुढच्या जाळीवर सणसणीत लाथ घातली. आतून फुस्स असा लांबलचक आवाज आला. घाबरला बेटा.

६ मे
घाबरला नव्हता. गॅस गेला.
मेकॅनिक म्हणतो, मुळात एक प्लग सैल होता. ठोकलं की तेवढ्यापुरता जुळायचा. बोटाने दाबला असता तरी भागलं असतं. आता जाळीमागचा कंडेन्सर फुटलाय, दहा दिवस लागतील. बोटाने, असं म्हणून वर हसला. धरली कॉलर. त्याने माझी बोटं एकेक करून शांतपणे सोडवली. त्याचाच जास्त राग आला. डाव्या हाताने बॉनेट दाणकन आपटलं. उजवा काठावरच राहिला होता.

७ मे
प्लास्टर. दोन हाडं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. गाडीतला बिघाड, म्हणालो. खोटं काय आहे त्यात?
(डाव्या हाताने लिहितोय. अक्षर उलट सुधारलंय.)

९ मे, रविवार, दुपारी
आली दोघं. डबड्यातून. त्याचा एसी चालतो म्हणे.
मुलगी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. बाळाच्या कपाळावर घाम होता. पंखा लावावा म्हणून जवळ गेलो आणि तिच्या डोक्यावरच्या बटणाकडे डावा हात उचलला. तिने झटकन बाळाच्या डोक्यावर हात आडवा धरला. स्वतःची मान खाली घातली, लहानपणी घालायची तशी. डोळेही मिटले.
पंखा लावतोय गं, म्हणालो. हो बाबा, म्हणाली. हात काढला नाही. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.
मी पंखा लावलाच नाही. बाळंतिणीला वारं चालत नाही, हे माझ्या लक्षातच नव्हतं.