क्लेमांसची वही आणि इतर वस्तूंची व्यवस्था

दिनांक २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. सकाळी कपडे धुतले, वरणभात केला. पत्नी अरुणा हिला जाऊन आज अकरा महिने झाले. दुपारी लिहायला बसलो.

मी, कैलास विष्णू नाखरे, वय ६४, लेखापाल, राहणार नईम, मनामा, बहारीन, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. रत्नागिरीचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक मुलगी अनुष्का हिला.

२. अरुणाची वही व प्रयोगात घातलेला काळा झगा तिची मैत्रीण पूर्णिमा साटम यांना. वहीत क्लेमांस दुव्हाल या फ्रेंच नटीवर अरुणाने लिहिलेला एकपात्री प्रयोग आहे. धोबिणीची ही मुलगी सतराव्या वर्षी पॅरिसच्या रंगभूमीवर आली. तीस वर्षे राण्यांच्या भूमिका केल्या आणि १८८९ साली भर प्रयोगात वाक्य विसरली. नुसती उभी राहिली. लोकांना तो अभिनय वाटला. पुन्हा ती रंगमंचावर आली नाही. तिच्यासाठी अरुणा चाळिशीनंतर फ्रेंच शिकली.

वहीबद्दल आधी अनुष्काला विचारले होते. "बाबा, आय कान्ट रीड इट. गिव्ह इट टू पूर्णिमा मावशी," म्हणाली. रागाने नव्हे; तिला मराठी वाचता येत नाही.

३. प्रयोग इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एकदाच झाला. विंगेत प्रॉम्प्टर मी होतो. शेवटी अरुणा गप्प उभी राहिली. घरच्या तालमीत ती ही जागा सोडून पुढे जात असे, त्यामुळे मला वाटले, अडकली. पुढचे वाक्य मी मोठ्याने दिले. दोनदा. हॉल हसला.

गाडीत ती एवढेच म्हणाली, "अहो, विसरली होती ती. मी नव्हते विसरले."

पुन्हा तिने प्रयोग केला नाही. माझे माफी मागायचे राहून गेले. म्हणून अट अशी की पूर्णिमाताईंनी हा प्रयोग एकदा करावा. विंगेत कोणालाही ठेवू नये.

४. वाक्ये वाचण्याचा माझा छोटा टॉर्च मंडळाचे राजन परचुरे यांना. दर गणपतीत ते विचारतात, "काय कैलासराव, आज कोणाला वाक्य देणार?" सेल नवीन घातले आहेत.

साक्षीदार: १. हमीद शेख, खालच्या मजल्यावरचे शिंपी. २. स्मिता केळुसकर, शेजारी. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: कै. वि. नाखरे
नईम, मनामा

ता. क. साक्षीदार गेल्यावर वही मोठ्याने वाचली. त्या जागेशी थांबलो. काही बोललो नाही. मग चहाचे तीन कप विसळून ठेवले.