खुर्चीची पुढची कड

मंगळवार, संध्याकाळ

कॉम्प्युटरवरच्या चित्रात माणसं खुर्चीवर खरी वाटतील अशी बसवायला मी एकट्यानं शिकलो. वजनानं गादी किती दबते, मांडीखाली सावली किती, सगळं चोख. आज आईला बाबांचं चित्र दाखवलं. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या खुर्चीत, आरामात टेकून.

आई म्हणाली, "छान आहे. पण हा कोण रे?"

"अगं, बाबा!"

"जन्मभर शिपाई होते. साहेबांनी हाक मारली की पटकन उठता यावं, म्हणून घरीसुद्धा कडेवर बसायचे. टेकले कधी?"

खुर्ची जाऊन पाहिली. पाठ नवीकोरी. गादी फक्त पुढच्या कडेला दबलेली.

मला दिसली नव्हती का ती कड? चित्रासाठी खुर्चीचा फोटो काढला, त्यात दिसली होती. खुर्चीचा दोष समजून चित्रात मीच ती सपाट केली.