केतनकडून आणलेला डबा

३ नोव्हेंबर, सोमवार

आणला एकदाचा! एवढासा काळा डबा, पोळ्यांच्या डब्याहूनही चपटा — आणि म्हणे हा अख्खा कॉम्प्युटर. मिनी पीसी. मालाडला केतनच्या दुकानात असे डबे विटांसारखे रचून ठेवलेत. ऑफिसवाल्यांनी काढून टाकलेले. नवीन विंडोज ह्यांच्यात चढत नाही, म्हणून सगळे एकदम बाहेर. केतन म्हणाला, 'नऊ-दहा वर्षं जुना आहे साहेब, पण तुमचं ड्रॉइंगचं काम लोण्यासारखं करेल.' लोणी कसलं, नुसता चालला तरी पुरे!

लॅपटॉप कंपनीचा होता. ऑगस्टमध्ये इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा बंद झाला तेव्हा शेठने तो पहिला काढून घेतला. तेव्हापासून घरी. बावन्नाव्या वर्षी ड्राफ्ट्समनला कोण विचारतो? जाईन तिथे पोरं बसलेली. एका नितेशनेच विचारलं. कधीकाळी माझ्या हाताखाली होता, आता मुलुंडला त्याचं स्वतःचं मॉड्युलर किचनचं ऑफिस आहे. म्हणाला, राजेशदादा, घरून करा. नोव्हेंबर बघू, जमलं तर कायमचं.

जमलंच पाहिजे. माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

मॉनिटर वेगळा घेणं परवडत नाही, म्हणून हॉलमधला टीव्ही उचलून आतल्या खोलीत नेला. त्यालाच डबा जोडला. आई रिमोट हातात धरून बसली होती.

५ नोव्हेंबर

चालतंय! सकाळपासून घाटकोपरच्या एका फ्लॅटचं किचन काढत होतो. टीव्हीवर अक्षरं जरा फुटतात, पण प्लॅन दारासारखा मोठा दिसतो. चष्मा न लावता ओटा मोजला. नितेशचा मेसेज — 'दादा, हात तोच आहे अजून.' दोनदा वाचला. मानसी संध्याकाळी कामावरून आली तेव्हा तिलाही वाचून दाखवला. ती हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा बायको हसली असेल.

७ नोव्हेंबर

वाट लागली! दुपारी काम करता करता पडदा काळा. आवाज नाही, काही नाही. डब्याला हात लावला तर चटका बसला. अर्ध्या तासाने सुरू झाला, पुन्हा तेच. सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

आई दारात येऊन विचारते, 'मालिका लागली काय रे?' म्हटलं, नाही लागली. जरा जोरातच म्हटलं.

१० नोव्हेंबर

आज चालला. कालही चालला. रविवारी नितेशकडचं घाटकोपरचं काम पूर्ण करून पाठवलं. उशीर झाला, पण पाठवलं. त्याने नुसतं 'मिळालं' लिहिलं. तेच जास्त टोचतं.

झाकणावर लालसर डाग दिसला. गंज असेल. पुसला.

१२ नोव्हेंबर

पुन्हा बंद. ह्या वेळी आधी आतून कर्र कर्र आवाज, मग शांत, मग तापून बंद. टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. मी घामाघूम आणि डब्याला वारा! तरी बंद. बर्फाची पिशवी जवळ ठेवून पाहिली. मानसी म्हणाली, तापलेल्या पोराचं केलं नसतंस एवढं करतोयस. मला हसू आलं नाही.

नितेशचा फोन. 'दादा, क्लायंट थांबत नाही हो.' मी लाइट गेले होते म्हणून सांगितलं. आमच्या चारकोपात लाइट जात नाहीत हे मुलुंडमध्येही माहीत असणार.

१३ नोव्हेंबर

डबा पिशवीत घालून मालाडला. केतनने एक स्क्रू काढला, झाकण सरकवलं आणि हसायलाच लागला. पंख्याच्या पात्यांत तांदूळ! चार-पाच अक्षता, पिवळ्या, हळद लावलेल्या, झाकणाच्या जाळीतून आत पडलेल्या. एक दाणा बरोब्बर अडकलेला. बाजूला कुंकवाची भुकटी.

म्हणाला, 'हा लॉट एका पेढीवरून आलाय साहेब. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करतात. आमच्या घरीपण करतात ना!' म्हणजे कुणा शेठच्या बरकतीचे तांदूळ माझ्या नरड्यात अडकले! डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, विकायच्या आधी एकदा उघडून बघायचं नाही का? केतन ओशाळला. म्हणाला, हा नको, दुसरा घेऊन जा. त्याच लॉटमधला दुसरा डबा माझ्यासमोर उघडला, ब्लोअर मारला, पंखा फिरवून दाखवला. आत धुळीचा कण नाही.

येताना चक्क गुणगुणत होतो. दोष माझा नाही, डब्याचाही नाही. कुणा पेढीवाल्याचा!

१४ नोव्हेंबर

दुसरा डबा पहिल्याहून शांत. दिवसभर काम. घरात मला ह्याच्याएवढं समजून घेणारं कुणी नाही.

१७ नोव्हेंबर

मानसी सकाळी निघताना चपला घालत म्हणाली, 'आईंकडे जरा लक्ष दे रे. त्या हल्ली काहीतरी भलतंच बोलतात.' म्हटलं, वय झालंय, आणि टीव्ही नेल्याचा राग आहे. महिना संपला की तिला टीव्ही परत. ती आणखी काही सांगत होती, पण नितेशचा फोन आला. मी हाताने थांबवलं तिला. ती गेली.

बोरिवलीच्या एका मोठ्या बंगल्याचं काम आहे. किचन, पॅन्ट्री, देवघर, सगळं. नितेश म्हणाला, हे नीट झालं की पुढचं बोलू. पुढचं! हा शब्द किती दिवसांनी ऐकला.

१९ नोव्हेंबर

कर्र कर्र.

नाही. नाही नाही नाही.

२० नोव्हेंबर

तीनदा बंद पडला. मधल्या वेळात काढलं तेवढं काढलं. दर दोन मिनिटांनी सेव्ह, दर दोन मिनिटांनी डब्यावर हात. काम काय करणार कपाळ! नितेशला खरं सांगितलं — जुना कॉम्प्युटर आहे, दगा देतोय. तो मग म्हणाला, 'दादा, तुमच्याकडे धड मशीन नाही हे आधी सांगायला हवं होतं. माझ्याकडे दोन पोरं वेटिंगला आहेत.' रागावून नाही बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. काय करू? कुणाकडे जाऊ? बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं मी कामाला लागलो. सकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे श्यामकांत विचारत होते, 'काय, वर्क फ्रॉम होम? मजा आहे बुवा!' मी पण हसून हो म्हणालो. मला ह्या घरात भीती वाटते आता. भिंतीवरच्या टीव्हीच्या रिकाम्या खिळ्याचीसुद्धा भीती वाटते.

आईने जेवताना विचारलं, 'तुका बरा नाय काय?' म्हटलं, बरं आहे. जेव तू.

२२ नोव्हेंबर

नितेशने शेवटची संधी दिली. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत बोरिवलीची सगळी ड्रॉइंग. क्लायंट मुलुंडला येऊन बसणार आहे. नाही पोचली तर, त्याचे शब्द — 'मग आपण मित्र म्हणून भेटत राहू.'

२४ नोव्हेंबर

नवीन घ्यायचा विषय मानसीनेच काढला. मी उडवून लावला. हातातल्या सोन्याच्या बांगड्यांकडे बघून बोलत होती ते कळलं मला. अजिबात नाही! भांडण झालं. आई मध्येच म्हणाली, 'भांडू नको रे, सणाचा दिस.' कसला सण? सोमवार नुसता.

२६ नोव्हेंबर

आज मीच उघडला डबा. स्क्रू ड्रायव्हर शेजारून आणला. स्क्रू दोनदा खाली पडला.

तांदूळ.

पहिल्यांदा वाटलं, त्याच लॉटमधला, त्याच पेढीवरचा. मग आठवलं — हा तर केतनने माझ्यासमोर साफ केला होता! आत कण नव्हता. बोटाला कुंकू लागलं. ओलं. तांदूळ बारीक, आमच्याच स्वयंपाकघरातला. झाकणावर तो लाल डागही पुन्हा आलेला. मी त्याला गंज समजून पुसत होतो! प्लास्टिकला कधी गंज चढतो का? एवढी साधी अक्कल नाही राहिली मला.

मानसी साडेआठला जाते. मी नऊनंतर आंघोळीला. घरात राहतं कोण?

हॉलमध्ये गेलो. दाणे आईच्या समोर धरले. 'टीव्ही नेला म्हणून सूड उगवतेस? माझ्या पोटावर पाय देतेस?' असं म्हणालो मी. आईला. तोंडातून निघून गेलं. तिने माझ्या तळव्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'तांदूळ कोणी सांडल्यान रे?' मग एकेक दाणा उचलून पदरात घेऊ लागली. मला वाटलं, नाटक करतेय. आणखी ओरडलो. ती पदराची मूठ घट्ट धरून बसली.

रात्री मानसीला सांगितलं. ती म्हणाली, 'आई मुद्दाम करतील असं वाटतं तुला?' मी म्हटलं, मग कोण करतं? ती पाठ फिरवून झोपली.

२७ नोव्हेंबर

खोलीला आतून कडी लावून दिवसभर काम केलं. डबा एकदाही बंद पडला नाही. म्हणजे पक्कं. आई दोनदा दार वाजवून गेली. 'उघड रे, वेळ जाता.' नाही उघडलं. देवघराचं ड्रॉइंग तेवढं बाकी राहिलंय. उद्या सकाळी दोन तास मिळाले की झालं. होणार! नितेशला तसा मेसेज टाकला. त्याने अंगठा दाखवला.

पण एकदा डोळ्यांनी बघायचंय मला. तिला रंगेहाथ पकडून विचारायचंय, मी तुझं काय वाकडं केलं होतं?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मशीन चालू ठेवून, आंघोळीला गेलोय असं वाटावं म्हणून बादलीत नळ सोडून, खोलीच्या दारामागे उभा राहिलो. आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हातात तबक. डब्याला हळद-कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या, काही दाणे जाळीतून आत गेले. सांडलेले दाणे हाताने गोळा केले, जागा पदराने पुसली आणि हात जोडून उभी राहिली. मी पुढे झालो. ती दचकली नाही. तोंडभर हसली. 'आज दसरो ना. ह्यांच्या साच्याची पूजा केलंय.'

बाबा गिरणीत विणखात्यात होते. दसऱ्याला सगळे साचे, म्हणजे माग, बंद ठेवून पूजा व्हायची, बायकापोरांना आत सोडायचे. बाबा जाऊन वीस वर्षं झाली. गिरणी त्याच्या कितीतरी आधी बंद.

आतून कर्र कर्र सुरू झालं. पडद्यावर देवघर अर्धवट. अकरा वाजायला आले होते.

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. 'तू शाळेत नाय गेलंस?'

मी बटण दाबून डबा बंद केला.

'नाय गेलंय गे आई. आज सुट्टी.'