आमच्या घरातल्या दोन विमल

मेडशी, सोमवार

केनवडच्या पुंजाजी मामाजींना भाचा देवमन याचा सविनय जयभीम. आपली गुडघेदुखी कशी आहे, मामीचा खोकला थांबला का, तुरीला शेंगा कशा आहेत, सवडीनं कळवावं. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर क्षेम काहीच नाही. तुमची बहीण, म्हणजे माझी आई, घर सोडून तुमच्याकडे निघाली आहे.

याला कारण रेडिओ. ग्रामपंचायतीचा रेडिओ लावणं आणि बंद करणं शिपाई म्हणून माझ्याकडेच असतं. दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर एक नाटक लागतं. त्यात विमल नावाची सून आहे आणि तिची सासू तिला फार छळते. विमलचा नवरा दर वेळी एकदा खोकतो आणि "आई म्हणते तेच बरोबर" म्हणतो. मला तो माणूस पहिल्यापासून सालस वाटत आला. (हे माझ्या बायकोजवळ, लिलाजवळ बोलू नका.)

विमल रडली की लिला रडायची. यात नवल नाही, ती सूनच आहे. पण आईही रडायची, आणि लिलापेक्षा मोठ्यानं. मी म्हटलं, आई, तू तर सासू आहेस. तर म्हणते, "सासू आत्ता झाली रे! तुह्या आजीनं मले सनाच्या दिवशी शिळी भाकर देल्ली, कोनी इचारलं का मले? त्या विमलसाठी बरं सारं गाव रडते!" मामाजी, मला तेव्हा हसू आलं नाही. इतकी वर्षं तिनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात दोन विमल आहेत आणि सासू एकही नाही. पूर्वी भाजी खारट झाली की आई बोलायची आणि लिला ऐकायची. आता दोघीही मान खाली घालून ऐकायलाच बसतात, बोलायला कोणी नाही. मी मुकाट्यानं खारट भाजी खातो. ज्याला त्याला आपलं सोसलेलंच आठवतं, त्याला कोण काय करणार?

गेल्या गुरुवारी रेडिओवरच्या विमलनं गाठोडं बांधून माहेरची वाट धरली. शुक्रवारी सकाळी आमच्या दाराशी दोन गाठोडी! आईचं केनवडला जायचं, लिलाचं तिच्या माहेरी शिरपूरला. आधी जाईल ती विमल, मागं राहील ती सासू, असा दोघींनी न बोलता नियम केला आहे. मालेगावची गाडी दोघींना एकच. पायरीवर रोज "आधी मी" म्हणून ओढाताण होते, कंडक्टर वैतागून घंटी मारतो आणि दोघी गाठोडी घेऊन परत येतात. रेडिओचे सेल संपले अशी थाप मी मारून पाहिली. आईनं नवे सेल आणून माझ्या पुढ्यात ठेवले.

आई गेली तर गाव म्हणेल सुनेनं हाकलली. लिला गेली तर म्हणेल सासूनं. पण गावाचं सोडा. त्या दोघींशिवाय त्या घरात पाय टाकायचीच मला भीती वाटते. तरी मिळेल त्या गाडीनं या आणि आपल्या बहिणीला चार शब्द सांगा.

आपला भाचा,
देवमन

ता. क. : येऊ नका. ग्रामपंचायतीत बसून लिहिलेलं हे पत्र टाकायला निघालो तर वाटेत शेजारची गोमतीबाई म्हणाली, "दोघी बी गेल्या ना! एकमेकीचा हात धरून एकदमच चढल्या गाडीत. बुढी म्हने, चाल व माय, माह्याच माहेरी जाऊ दोघी." म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा दोघी तुमच्याच ओसरीवर बसलेल्या असतील. सुखरूप पोचल्या एवढं कार्डावर कळवा.

ता. क. दुसरा : मागं राहिलो मी. नियमाप्रमाणे आता या घरातली सासू मीच. मामाजी, माझं गाठोडंही बांधून तयार आहे, पण ये म्हटल्याशिवाय निघायची छाती होत नाही. देवमननं यावं का, एवढं त्यांना विचारून पाहा. मात्र दोघींना एकदमच विचारा.