आरोपी आणि साक्षीदार यांना एका घरात राहू देणेबाबत

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
पोलीस आयुक्त कार्यालय, मुख्य इमारत.

विषय : विद्यापीठ आवारातील कारवाईच्या गुन्ह्यातील आरोपी मुलगी व सरकारी साक्षीदार मुलगा यांना एका घरात राहण्यास ना हरकत मिळणेबाबत.

संदर्भ : एकाच टपालाने एकाच पत्त्यावर आलेली दोन समन्स.

महोदय,

मी खाली सही करणारी अर्जदार, व्यवसाय शिवणकाम, आपणांस सविनय कळविते की,

१. संदर्भातील दोन्ही समन्स मीच घेतली आहेत. एक माझ्या मुलीला, आरोपी म्हणून. दुसरे माझ्या मुलाला, तिच्याविरुद्धचा साक्षीदार म्हणून. मुलगा आपल्याच दलात पोलीस शिपाई आहे.

२. मुलांचे वडील गेले तेव्हा मुलगा कॉलेजात होता. त्याने शिक्षण सोडले आणि भरतीला उभा राहिला. बहिणीला म्हणाला, "तू शीक. माझ्या वाटचंही शीक." तिला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा पहिल्या दिवशी तो ड्यूटीवरून तसाच, गणवेशात, तिला विद्यापीठाच्या दारापर्यंत सोडायला गेला. ती लाजून म्हणत होती, "दादा, निदान टोपी तरी काढ. लोकांना वाटेल मला पकडून आणलंय." या विनोदावर आम्ही तिघे पुष्कळ दिवस हसत होतो. आता घरात तो कोणी काढत नाही.

३. मासिकात लेख लिहिला म्हणून एका विद्यार्थ्याला विद्यापीठाने काढून टाकले. त्याला परत घ्यावे यासाठी विद्यापीठातली मुले, त्यांत माझी मुलगीही, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसली. नुसती बसली होती, साहेब. येण्याजाण्याची वाट मोकळी होती, घोषणाही नव्हत्या. कुलगुरूंनी बाहेर येऊन दोन शब्द बोलावे, एवढीच मागणी. दुपारी कुलगुरूंच्या ऐवजी आपले दल आले. पांगण्याची सूचना दिली असे कागदोपत्री आहे. मुलगी म्हणते, सूचना आणि अश्रुधूर एकदमच आले.

त्याआधी क्षणभर तिला रांगेत भाऊ दिसला. हेल्मेटची काच खाली होती, पण काठी डाव्या हातात धरणारा तो एकटाच. ती ओरडली, "दादा, मी आहे इथे!" त्याने मान वळवली. तेवढ्यात "पुढे" असा हुकूम झाला आणि तो पुढे गेला. मग धुरात कोणाचे कोणाला दिसेना. डोके वाचवायला तिने उजवा हात वर धरला. मनगट मोडले. तिच्याजवळची टी-स्क्वेअर, म्हणजे नकाशे काढायची लाकडी पट्टी, 'घातक हत्यार' म्हणून जप्त झाली आहे. तिची पावतीसुद्धा आम्हांला मिळाली.

४. काठी कोणाची, याबद्दल या अर्जात माझी तक्रार नाही. मुलगी शपथेवर सांगते, दादाची नव्हती. मुलाला मी त्याच संध्याकाळी विचारले. तो बूट न काढता दारातच उभा होता. म्हणाला, "मला माहीत नाही, आई. मी मारत होतो. कोणाला, ते दिसत नव्हतं." एवढे बोलून तो बराकीत राहायला गेला.

५. मुलीला जामीन मिळाला. अट अशी, की आरोपीने कोणत्याही साक्षीदाराशी संपर्क ठेवू नये. मी ठाण्यात जाऊन विचारले, तर अंमलदार म्हणाले, "मावशी, दोघांपैकी एकाला दुसरीकडे ठेवा." कोणाला ठेवू, हे त्यांनी सांगितले नाही. आमचे घर म्हणजे पुढची खोली आणि स्वयंपाकघर, मध्ये पडदा. मी त्यांना सुचविले, की पडद्याच्या अलीकडे आरोपी जेवेल, पलीकडे साक्षीदार जेवेल, ताटे मी पोहोचवीन, आणि एकमेकांशी बोलणार नाहीत याची लेखी हमी देईन. अंमलदार हसले. मी थट्टा केली नव्हती.

६. मुलीच्या हाताची पकड पूर्वीसारखी येईलच असे डॉक्टर सांगत नाहीत. ती डाव्या हाताने रेषा ओढून पाहते, वाकडी आली की कागद उलटा करते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मला म्हणते, "दादाला माझ्यापासून लांब ठेवू नकोस गं. तो एकटा राहिला तर वेडा होईल."

मुलगा अधूनमधून साध्या कपड्यांत आमच्या गल्लीत येतो आणि समोरच्या बंद दुकानाला टेकून उभा राहतो. मला मशीनवरून दिसतो. परवा मी हातातले काम टाकून खाली गेले, त्याचा दंड धरला. म्हटले, "वर चल. ती तुझ्यावर रागावलेली नाही." तो म्हणाला, "रागावली असती तर आलो असतो, आई." मग हात सोडवून घेत म्हणाला, "शिवाय अट आहे ना." दंड माझ्या मुठीत मावला. अंगावरचे कपडे पार ढगळ झाले आहेत त्याचे. ते कपडे मीच शिवलेले आहेत, माप माझ्या लक्षात आहे.

७. सबब विनंती. गुन्हा मागे घ्या, चौकशी करा, असे मी या अर्जात मागत नाही. ते मागणारी माणसे वेगळी आहेत आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. आमचे वकील म्हणतात, आपण ना हरकत दिली तर न्यायालयात अट सैल करून मागता येईल. ती कृपा व्हावी.

आणि ना हरकत येऊनही तो आला नाही, तर त्याला आपण हुकूम द्यावा. तो हुकूम पाळतो. बहिणीची हाक ऐकू येऊनही त्याने पाळला. माझ्या सांगण्याने तो जिना चढत नाही, आपल्या सांगण्याने चढेल. कागदावर जास्त लिहायला नको. घरी जा, बहिणीजवळ बस, एवढे पुरे.

आपली नम्र, आणि त्या दोघांचीही आई,
(सही)

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) दोन्ही समन्सच्या प्रती
२) हाताच्या प्लास्टरबाबत डॉक्टरांचा दाखला
३) दोघांचे जन्मदाखले. आईच्या रकान्यात दोन्हीकडे माझेच नाव आहे, ते कृपया पाहावे.