सरिताचा गोरा फोटो

खापा, दि. ४ जानेवारी २०२५

चि. मिनलला मामाचे आशीर्वाद आणि जय भीम. पत्र अशासाठी की फोनवर आपलं भांडण होते अन् तुझी आई सरिता मधातच फोन कापते.

मॉडेलिंगसाठी काढलेला तुझा पोर्टफोलिओ पाहिला. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, पण असा तमाशा पाहिला नाही. कळमेश्वरकडच्या कोणाच्या तरी वावरात तू गाऊन घालून उभी, हातात धुराचं नळकांडं, अन् तोंड असं की आत्ताच बस हुकली. याले तुझा तो फोटोग्राफर अंकुश क्रिएटिव्ह म्हणते? कपाशीत धूर काहून, गाऊनवाली तिथं काय करून राहिली, हे त्याले विचारलं का वं? दुसऱ्या फोटोत तू टबभर झेंडूत बुडून आहेस. तुझ्या मामीनं पाहिलं अन् विचारलं, पोरीले बरं नाही का.

अन् ही पोरगी कोण आहे? पिठात घोळल्यावाणी चेहरा! आपल्या घरात इतकं गोरं कोणी जन्मलं नाही. माणसाचा रंग पुसते तो फोटोग्राफर नाही, रंगारी. मुंबईची एजन्सी हसल. इकडं ये, मी काढून देतो.

भांडलो तरी तुझाच,
प्रेमानंदमामा

बेसा, दि. ९ जानेवारी

ती. मामाजींना मिनलचा सप्रेम जय भीम.

तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेल्या जिन्याले टेकून अर्ध्या खाप्यानं फोटो काढले, अन् तो जिना अजून कुठंच पोचला नाही. त्यापेक्षा धूर बरा.

रंगाचं मात्र खरं आहे. मी अंकुशले म्हटलं, माझा रंग परत दे. तर तो म्हणाला, सगळ्याच पोरी गोरं करून मागतात, तुझंच काय वेगळं. आता एजन्सीचा मेल आला आहे. वीस तारखेपर्यंत साधे फोटो पाहिजेत: मेकअप नाही, केस बांधलेले, समोरून, बाजूनं, पूर्ण उंचीचा. निवड त्यावरच. हे हुकलं की बाबा मले बँकेच्या क्लासले बसवणार, अन् मग माझं संपलंच.

तुमच्याकडं येणारच होते. पण तुमचं पत्र वाचून आई आधी हसली, मग कपाटातून तिनं स्वतःचा लग्नाआधीचा एक फोटो काढून दिला. सोबत पाठवते. स्थळांले दाखवायले तुम्हीच काढला होता ना? रंगीत फोटोत रंग लपत नाही म्हणून मुद्दाम काळापांढरा, अन् वरून चेहरा गोरा दिसावा म्हणून नेगेटिव्हवर पेन्सिल फिरवलेली. लग्नाच्या मांडवात आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, चारचौघांत विचारलं होतं की फोटोतली गोरी पोरगी कुठं ठेवली. अठ्ठावीस वर्षं झाली, आई अजून हे ऐकून राहिली. मग रंगारी कोण, मामाजी? मी येऊ की नको, तुम्हीच सांगा.

रागावलेली, पण वाट पाहणारी,
मिनल

खापा, दि. १३ जानेवारी

चि. मिनलला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही. रंगारी मीच. किती पोरींचे चेहरे घासले त्याचा हिशेब नाही, अन् त्यांच्या बापांनी पाठ थोपटली की मी फुगत होतो. सरिताचं भलं केलं असंच मले वाटे. मांडवातली ती गोष्ट तिनं मले कधी सांगितली नाही. लाज वाटते वं.

पडदा उतरवला, मागची भिंत मोकळी केली. शनिवारी ये, अन् आईले घेऊन ये. आधी तिचा काढतो, मग तुझे. एका बोटानंही काही पुसणार नाही.

तुझा मूर्ख मामा

बेसा, दि. ३० जानेवारी

ती. दादास सरिताचा सप्रेम जय भीम.

एजन्सीनं मिनलले मुंबईले बोलावलं. तिच्या बाबाचं तोंड बंद झालं, इतकं सुख पुष्कळ दिवसांत मिळालं नव्हतं.

माझा फोटो पोचला. कपाळावर आठ्या, डोळ्याखाली काळं, अन् चेहरा जसा तुझ्यावर चिडलेला होता तसाच आला. दात काढून हस असं तू म्हणाला नाहीस, बरं केलंस. बाहेरच्या खोलीत लावला आहे. काल सासूबाईनं चष्मा लावून जवळून पाहिला अन् विचारलं की कोणी काढला हा, हुबेहूब सरिता आहे.

मी म्हटलं, पहिला ज्यानं काढला, त्यानंच.

वहिनीले जय भीम सांग. ये कधीतरी, बसून भांडू.

तुझीच,
सरिता