मोर्चा आला आणि साहेबांनीच निवेदन घेतलं

ती. स्व. चुडामणभाऊंना,
मेहरूणहून मोहिनीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? धुळ्याला थंडी पडली असेल, सकाळी फिरायला निघताना कान बांधत जा. दिपमालावहिनींनी पाठवलेले बिबडे पोचले. (मीठ जरा पुढे गेलंय, पण ते त्यांना कळवू नका.) यांनी विरोधी पक्षात प्रवेश केल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडण्याआधी माणूस निदान एक ओळ वाचतो, आणि एक ओळ वाचली की तुम्हाला पुढचं वाचल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या पक्षातल्या लोकांना वाटतं, रिटायर झालेल्या उपजिल्हाधिकाऱ्याला कुणीतरी फूस लावली. तसं काही झालं नाही. आमच्या मागच्या बाजूला कब्रस्तान आणि स्मशान आहे, दोन्हीकडे जाणारा रस्ता एकच, आणि पावसाळ्यात त्याचा नुसता राडा होतो. शेजारचे शकीलभाई (गादीवाले, तुमच्या तेजसच्या लग्नातल्या गाद्या त्यांच्याच) आपल्या आईला घेऊन निघाले, तेव्हा खांदा देणारे घसरले. माणसं पडली, जनाजा कसाबसा सावरला. त्याच संध्याकाळी यांनी अर्ज लिहिला. मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. उत्तर नाही. शेवटी स्वतः आपल्या जुन्या कचेरीत गेले, तर यांच्याच हाताखाली तयार झालेल्या अधिकाऱ्याने यांना दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मग साहेब दौऱ्यावर गेल्याचा निरोप आला. (साहेब आतच होते. त्यांचा खोकला यांना ओळखू येतो.) घरी येऊन जेवले नाहीत. "मोहिनी, बाकावरून कचेरी फार वेगळी दिसते," एवढंच बोलले. पुढच्या आठवड्यात विरोधी पक्षात गेले. 'आमच्या पक्षात का नाही आले,' असं तुम्ही विचाराल. तुमच्याकडे आधी गेले होते, भाऊ. तिथेही बाकच होता.

पहिलं भाषण पहूरला झालं. भाषण कसलं, परिपत्रकच ते. 'उपरोक्त बाब विचारात घेता' इथपर्यंत आले तेव्हा बायका लेकरं उचलून निघायच्या बेतात होत्या. मी त्यांच्यातच बसले होते, मलाही निघावंसं वाटत होतं. तेवढ्यात भिकुबाई नावाची एक म्हातारी उठली (माहेर आपल्या धुळ्याकडचं असावं, बोलणं थेट अक्कासारखं) आणि म्हणाली, "साहेब, तुमनं बठ्ठं खरं शे, पन नळले पानी कवय यी?" पाणी कधी येईल, यावर यांनी कागद खाली ठेवला, थोडा विचार केला आणि सांगितलं, "मला माहीत नाही." मंचावरच्या पुढाऱ्यांनी कपाळाला हात लावला. म्हातारी मात्र खाली बसून शेजारणीला म्हणाली, "हाऊ मानूस खोटं नही बोलस." निघालेल्या बायका परत बसल्या.

आता मोर्चाचं सांगते, कारण तुमच्यापर्यंत ते तिखटमीठ लावून आलं असणार. रस्त्यासाठी कचेरीवर मोर्चा निघाला, हे सगळ्यांत पुढे, मी मागे बायकांत. फाटकाशी पोलिसांनी अडवलं. पण आतल्या नथ्थू शिपायाने यांना पाहिलं, सवयीने सलाम केला आणि फाटक उघडलं. हेही सवयीने आत गेले, मागोमाग मोर्चाही. पायऱ्या चढून वळून पाहतात तर समोर घोषणा देणारा जमाव. जन्मभराची सवय, भाऊ. हात आपोआप पुढे झाला. आमचे शहराध्यक्ष रुपचंद (माणूस उत्साही, विचार मागून येतो) त्यांनी मोर्चाचं निवेदन यांच्याच हातात ठेवलं. यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. निम्मा मोर्चा समाधानाने घरी गेला.

शकीलभाईंनी पायऱ्यांपाशी जाऊन हळूच सांगितलं, "साहब, आप तो हमारे साथ आए थे." यांचा तेव्हाचा चेहरा मला बघवला नाही. वाटलं, आता हा माणूस घरी जाऊन दार लावून घेणार. पण हे खाली उतरले, फाटकाबाहेर आले आणि इस्त्रीच्या पॅंटसकट रस्त्यात मांडी घालून बसले. उरलेली माणसं यांच्याभोवती बसली. पोलिसांची गाडी आली. फौजदाराने अदबीने ड्रायव्हरशेजारची जागा दाखवली, तर हे म्हणाले, "माझी माणसं मागे आहेत." आणि मागून चढले. शकीलभाईंनी सरकून जागा केली. संध्याकाळी सोडल्यावर घरी आले, भरीत दोनदा मागून घेतलं आणि रात्रभर घोरले. रिटायर झाल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता.

रस्त्यावर सध्या मुरूम पडलाय, तोही कब्रस्तानापर्यंतच. स्मशानाचा तुकडा तसाच आहे. शकीलभाई म्हणतात, अब आपके लिए मोर्चा निकालेंगे.

पण भाऊ, मला या राजकारणाची काडीची आवड नाही. घरात सदानकदा माणसं, चहाचं आधण उतरतच नाही. तुम्ही वडीलधारे आहात. एकदा या आणि यांना समजावून सांगा, आता पुरे म्हणावं.

तुमची धाकटी,
मोहिनी

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच निवडणुकीसाठी वॉर्डाची सोडत निघाली आणि पत्र तसंच राहिलं. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव. यांच्या मनात स्वतः उभं राहायचं होतं, तोंड पार उतरलं. रुपचंद मला उमेदवारी विचारायला आले, तेव्हा 'आमच्या घरातल्या बाईमाणसांना यात रस नाही' असं सांगायला यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी मी हो म्हणून बसले. तेव्हा समजवायला येऊ नका. हे आता माझी भाषणं लिहून देतात. मी ती घेते आणि वाचत नाही.

आणखी ता. क. तुमचा पक्ष आमच्या वॉर्डात प्रचाराला धुळ्याहून माणसं आणणार आहे आणि त्यांत तुम्हीही आहात, असं कानावर आलंय. खुशाल या. दिवसभर माझ्याविरुद्ध बोला, हरकत नाही. पण मुक्काम आणि जेवण आपल्याच घरी. दुसरीकडे उतरलात, तर तुमच्या लहानपणीच्या गोष्टी भर सभेत सांगायला मला कुणाची परवानगी लागणार नाही.